बाळूंची कप्तानी



आमच्या अंबाजोगाईत पोरं गल्लीत क्रिकेट खेळायला जमली की कप्तान ठरायला वेळ लागत नाही. बॅट ज्याची, कप्तानी त्याची. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या हिंदू संघाचा हिशेबही फार वेगळा नव्हता. फक्त बॅटीच्या जागी जात होती.

बाळू पालवणकर. जन्म 1876 चा, धारवाडचा, चांभार कुटुंबातला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायचं, जाळी लावायची आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. पगार महिना 4 रुपये. त्यातून डावखुरी फिरकी अशी तयार झाली की गोऱ्यांना हरवायला पुण्याच्या हिंदू मंडळींना बाळूच हवे झाले. मात्र चहाची वेळ झाली की बाकीच्यांना आत कपबशी आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. चेंडू कातड्याचाच. बाळूंच्या हातून निघून तो सगळ्यांच्या हातांत फिरायचा, त्याचा विटाळ कुणाला झाला नाही. विटाळ व्हायचा तो कपाला.

1911 साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. कप्तान पतियाळाचे महाराज, आणि ते बहुतेक सामन्यांना हजरच नव्हते! संघ 23 पैकी 15 सामने हरला. बाळूंनी मात्र त्या दौऱ्यात 114 बळी घेतले.

जन्मावरून माणसाला अडवायची रीत फक्त आपल्याकडेच नव्हती. त्याच वर्षी लंडनमध्ये जॅक जॉन्सन आणि बिली वेल्स यांची मुष्टियुद्धाची लढत ठरली होती. जॉन्सन काळा, आणि तरीही हेवीवेट गटाचा जगज्जेता. त्याच्या आधीचे गोरे विजेते काळ्या माणसाशी किताबासाठी लढायलाच तयार नसत. न लढता हरायची भीती नाही, किताब घरात सुरक्षित! जॉन्सननं तेव्हाच्या गोऱ्या विजेत्या बर्न्सचा पिच्छा पुरवून 1908 साली सिडनीत तो मिळवला. लंडनची लढत मात्र तिथल्या गृहमंत्र्यानं, विन्स्टन चर्चिलनं, होऊ दिली नाही. सॅम लँगफर्डचं तर आणखी वाईट. तोही काळा, जबर ताकदीचा. पण विजेता झाल्यावर खुद्द जॉन्सननंही त्याला किताबाची संधी दिली नाही.

आपल्याकडे नकार इतका उघड नसायचा. इथं निवड समितीची बैठक व्हायची. बाळू ज्यातून खेळत त्या मुंबईच्या हिंदू संघाचे कप्तान म. दा. पै स्वतः म्हणाले होते की कप्तानीचा मान बाळूंचा आहे. तरी तो मिळाला नाही. 1920 साली तर बाळूंना संघातूनच वगळलं, तेव्हा त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी आपली नावं काढून घेतली. बोभाटा झाला, आणि बाळू उपकप्तान म्हणून परत आले. पै मैदानाबाहेर गेले तेवढा वेळ त्यांनी संघ चालवला. माझ्या मते ही भरपाई नव्हे, उसनी दिलेली खुर्ची होती.

1923 साली विठ्ठल कप्तान झाले आणि हिंदू संघानं धर्मवार संघांची चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्यांच्या पंक्तीला या भावांना जागा नव्हती, त्यांनीच विठ्ठलना खांद्यावर घेतलं.

विठ्ठल यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र लिहिलं आहे. एखाद्या जुन्या ग्रंथालयात हाती लागलं तर जरूर वाचा.