दुसऱ्या पिशवीचं दुखणं

आपल्याकडे बाई ‘पिशवी दुखते’ म्हणाली की ऐकणारी गर्भपिशवीच समजते. पण ओटीपोटात आणखी एक पिशवी असते, लघवीची. तिचं दुखणं ‘उन्हाळी लागली’ म्हणत धन्या-जिऱ्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं अंगावर काढलं जातं.

आमच्या गटातल्या एका ताईचं असंच चाललं होतं. लघवी साठू लागली की ओटीपोटात कळ, जाऊन आली की जरा बरं, अर्ध्या तासात पुन्हा तेच. रात्रीतून सात-आठ वेळा उठायची. खुरपायला गेली की आधी आडोसा शोधायची. दर वेळी जंतू मारायच्या गोळ्या मिळायच्या. एका दवाखान्यात तर गर्भपिशवी काढून टाका म्हणाले. आम्ही तिचे जुने कागद ओळीनं लावले, तेव्हा दिसलं की लघवीच्या कल्चर तपासणीत तिन्ही वेळा जंतू नव्हतेच. मग गोळ्या कशाच्या? हा प्रश्न घेऊन आम्ही तिच्याबरोबर मूत्ररोगतज्ज्ञांकडे गेलो.

असं दुखणं सहा आठवड्यांहून जास्त टिकलं आणि जंतू सापडले नाहीत, तर तो मूत्राशयाचा जुनाट दाह असू शकतो. मात्र त्याआधी खडा, गाठ किंवा मूत्राशयाचा क्षय नाही ना, हे पाहावंच लागतं. लघवीतून रक्त गेलं तर दुखत नसलं तरी लगेच दाखवा.

सुरुवात साधी असते. चहा, तिखट, आंबट यांतलं काय बाधतं ते बघून कमी करायचं, सोबत गोळ्या. त्यानं भागलं नाही तर औषध थेट लघवीच्या पिशवीत सोडतात. पिशवीला आतून एक पातळ अस्तर असतं. ते विरळ झालं की लघवी भिंतीला झोंबते, असं डॉक्टर मानतात. म्हणून हेपॅरिन, हायलुरोनिक ॲसिड, डीएमएसओ अशी औषधं वापरतात, कधी जोडीला बधिर करणारं औषधही.

नळीचं नाव ऐकून ताई घाबरली होती. भूल नाही, चिरा नाही, भरती नाही. जेली लावून बारीक नळी घालतात, पिशवी रिकामी करतात, औषध सोडतात आणि नळी काढतात. डीएमएसओ असेल तर पंधरा-वीस मिनिटं धरून ठेवायचं, मग लघवीला जायचं. बहुतेक वेळा आठवड्याला एकदा, असं सहा आठवडे. त्या दिवशी थोडी जळजळ होते. डीएमएसओनं तोंडाला, घामाला लसणासारखा वास येतो, एक-दोन दिवस राहतो. घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर सासूबाई विचारतील चटणी कुठं खाल्ली! थंडी-ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र परत जायचं. जंतुसंसर्ग असताना हा उपचार करत नाहीत. दिवस गेले असतील तर आधी सांगायचं.

दुखणं मुळापासून जाईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काहींना चांगला आराम पडतो, काहींना नाही, काहींना पुन्हा औषध सोडावं लागतं. आमची ताई आता रात्री दोनदा उठते. तिला तेवढंही पुष्कळ वाटतं.

अडचण येते ती सहा खेपांची. सहा रोज बुडतात, वर एसटीचं भाडं. त्यासाठी आमच्या गटानं अंतर्गत कर्ज दिलं. वहीत कारण फक्त ‘औषधोपचार’ एवढंच लिहिलं, आणि दर खेपेला आमच्यापैकी एकजण सोबत गेली.