हरकत घ्यायची ती वेळेवर



शाळांचे नियम करताना आम्हांला कोण विचारतो, असे आपण म्हणतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खाजगी शाळेने गरिबांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा राखायला नकोत. धुणीभांडी करणाऱ्या आपल्या बायकांच्या मुलांच्याच त्या जागा! पालक हायकोर्टात गेले. जुलैत बदल रद्द झाला, पण तोवर प्रवेश खोळंबले ना!

त्याच मे महिन्यात शालेय अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा निघाला, हरकती-सूचना मागवल्या गेल्या. कितीजणींनी पत्र धाडले? मी तर कुरडया वाळवीत होते! पुढचा मसुदा आपण मंडळात मोठ्याने वाचू. जिला लिहिता येत नाही, तिचे म्हणणे मी लिहून घेईन.