पतन कसले?

श्रोतेहो, मी रोह्याला राहतो आणि कविता लिहितो. तीस वर्षे प्रेमावर लिहीत आलो. पण पेणला एका तरुणाने मला जे विचारले, त्यावर काय बोलावे हे मला सुचेना.

पेणला माझ्या एका मित्राचा गणपतीचा कारखाना आहे. त्याचा मुलगा मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करतो. हात इतका स्थिर, की बघत राहावे. लग्नाला सात महिने झाले होते, बायको माहेरी गेली ती परत येत नव्हती. एका संध्याकाळी तो मला स्टेशनवर सोडायला आला. रोह्याची गाडी यायची होती. बाकावर बसल्या बसल्या, माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "चाचा, माझं फार लवकर होतं. मी पुरुष नाही का?"

भिंतीवरची जाहिरात वाचून तो लॉजवर बसणाऱ्या एका 'वैद्या'कडे जाऊन आला होता. मूर्तींच्या हंगामाची सगळी कमाई पुड्यांत गेली. गुण तर आला नाहीच, उलट 'लहानपणीच्या सवयीने धातू गेला' ही भीती मनात बसली.

मी साधा बी.ए. झालेला माणूस. इतकेच म्हणालो, "बेटा, आधी शिकलेल्या डॉक्टरांकडे जाऊ." त्या निमित्ताने मीही वाचले, विचारले. तेच आज सांगतो.

आपण या त्रासाला शीघ्रपतन म्हणतो. मराठीत 'पतन' म्हटले की अधःपतन आठवते. म्हणजे आजाराच्या नावातच माणूस गुन्हेगार ठरला! युनानी हकीम याला 'सुरअत-ए-इन्जाल' म्हणतात. सुरअत म्हणजे वेग, इन्जाल म्हणजे खाली उतरणे. त्यात चारित्र्याचा प्रश्नच येत नाही.

मग लवकर म्हणजे किती लवकर? पाच देशांतल्या ५०० जोडप्यांनी घड्याळ लावून केलेली पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. मधला आकडा निघाला सुमारे साडेपाच मिनिटे. तासाच्या गप्पा चित्रपटातल्या! सुरुवातीपासून साधारण एका मिनिटाच्या आत होत असेल, थांबवता येत नसेल आणि त्याने मनस्ताप होत असेल, तर डॉक्टर त्याला आजार मानतात. आधी ठीक असून नंतर वेळ बरीच कमी झाली, तर थायरॉइड, प्रोस्टेटची सूज, ताठरतेची अडचण किंवा मनावरचा ताण ही कारणे तपासावी लागतात. हस्तमैथुनाने 'धातू संपतो' याला वैद्यकात आधार नाही.

उपाय आहेत. थांबून पुन्हा सुरू करण्याची पद्धत डॉक्टर सीमन्स यांनी १९५६ सालीच मांडली होती. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम आहेत, बधिर करणारी मलमे आहेत, गोळ्याही आहेत. मात्र गोळ्या डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय घेऊ नयेत.

हे बोलायला आपल्याकडे कुणी सुरुवात केली नाही, असे नाही. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्यातले र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. वाचक आपल्या खाजगी अडचणी लिहीत, कर्वे छापून उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने ते अश्लील होत नाही, अशी बाजू त्यांनी मांडली. तरी दंड झालाच. कर्व्यांनी दंड भरला आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत मासिक चालू ठेवले. आज उत्तर दिल्याबद्दल दंड होत नाही, तरी आपली मुले प्रश्न घेऊन भिंतीवरच्या जाहिरातीकडे जातात. कारण घरात विचारायची सोय नाही.

पेणच्या त्या मुलाला डॉक्टरांनी तपासले आणि म्हणाले, "पुढच्या वेळी बायकोला घेऊन या." तो सासरी गेला. लाज गिळून त्याने तिला सगळे सांगितले. ती रडली आणि म्हणाली, "तुम्ही काही न बोलता कूस बदलून झोपायचात. मला वाटलं, मी तुम्हाला आवडतच नाही."

श्रोतेहो, संसार मोडायला निघाला होता तो मिनिटांमुळे नव्हे, त्या कूस बदलण्यामुळे. दोघे मिळून डॉक्टरांकडे जाऊ लागले. त्रास एका दिवसात गेला नाही, पण बराच कमी झाला. मुख्य म्हणजे ती घरी परतली.

तुमच्या घरातला एखादा मुलगा असा गप्प गप्प झाला असेल, तर त्याला हसू नका. जवळ बसवा, विचारा. आणि हा त्रास तुमचा स्वतःचा असेल, तर आधी बायकोशी बोला, मग दोघे डॉक्टरांकडे जा.