पेशींवरील पूर्वसंस्कार
(हीरक महोत्सवी समारंभातील भाषण)



मूलपेशींच्या संशोधनात मी काम करतो हे कळले, की पालक एकच प्रश्न विचारतात : ‘आमच्या मुलाला मूलपेशींची इंजेक्शने द्यावीत का?’ त्या प्रश्नामागील आशा मी जाणतो. म्हणूनच त्याचे उत्तर काळजीपूर्वक देणे मला कर्तव्य वाटते.

अस्थिमज्जेतून काढून प्रयोगशाळेत वाढविलेल्या मध्योतक मूलपेशी रुग्णाच्या शरीरात जाऊन नवा अवयव घडवितात, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात शिरेवाटे दिलेल्या बहुतेक पेशी प्रथम फुप्फुसांत अडकतात आणि थोड्याच दिवसांत नष्ट होतात. जो लाभ होतो तो मुख्यतः त्यांनी स्रवलेल्या द्रव्यांचा. मग एवढ्या अल्पायुषी पेशींकडून अधिक कार्य कसे करून घ्यावे?

या विचाराला एक जुना आधार आहे. १९८६ साली चार्ल्स मरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या एका भागाचा रक्तपुरवठा पाच-पाच मिनिटे, असा चार वेळा थांबविला. त्यानंतर तो ४० मिनिटे रोखला असता, पूर्वतयारी नसलेल्या हृदयांच्या तुलनेत हानी सुमारे चतुर्थांशच झाली. अल्प आघाताने मोठा आघात सोसण्याची शक्ती दिली होती.

पेशींनाही हेच लागू पडते. प्रयोगशाळेतील हवेत २१ टक्के ऑक्सिजन असतो. अस्थिमज्जेत तो त्याहून पुष्कळच कमी. अशा सुबत्तेत वाढलेली पेशी रक्तपुरवठा तुटलेल्या ऊतीत एकाएकी गेली, तर तग धरत नाही. तिला आधी काही काळ कमी ऑक्सिजनमध्ये ठेवले, तर ‘हिफ-१’ हे प्रथिन स्थिरावते आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारे घटक अधिक स्रवू लागतात. इंटरफेरॉन-गॅमाचा संस्कार केला, तर ‘आयडीओ’ हे विकर वाढून प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरण्याची क्षमता येते. मात्र मर्यादा सांभाळावी लागते. ऑक्सिजन फार तोडला तर पेशी मरतात. इंटरफेरॉनमुळे पेशीवरील ओळखखुणा वाढून रुग्णाचे शरीर तिला परकी म्हणून नाकारण्याचा संभवही वाढतो.

म्हणून पूर्वसंस्कार जसा पेशीला हवा, तसा उपचारालाही हवा. त्याचे नाव चिकित्सा-चाचणी. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, मान्य विकारांसाठी होणारे रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता, मूलपेशींचे अन्य उपयोग रीतसर चाचणीतच करावयाचे आहेत. तेव्हा पालकहो, कोणी खात्रीचा गुण सांगितला, तर तीन गोष्टी अवश्य विचारा : चाचणीची नोंदणी कोठे आहे? अनुमती कोणी दिली? आणि प्रयोगासाठी पैसे का घेतले जात आहेत?

मुलाला जगात पाठविण्यापूर्वी त्याची तयारी करून घ्यावी लागते आणि त्या तयारीला वर्षे लागतात, हे या शाळेने आपल्याला शिकविले. रुग्णाच्या शरीरात पाठवावयाच्या पेशीबाबतही तेवढाच धीर धरू या.