दप्तरातील इन्सुलिन
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)

 

मधुमेह म्हटला की डोळ्यांपुढे येतो तो पेढीवर बसणारा पन्नाशीचा गृहस्थ. आठ-दहा वर्षांच्या बालकाला हा विकार जडतो, हे अनेकांना खरेच वाटत नाही. बालकांचा मधुमेह बहुधा पहिल्या प्रकारचा असतो. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट करते. गोड खाल्ल्याने तो होत नाही आणि मातेच्या लाडामुळेही होत नाही. अकारण दोष पत्करून अश्रू ढाळणाऱ्या मातांसाठी हे प्रथम स्पष्ट झाले पाहिजे. या बालकाला गोळी चालत नाही. इन्सुलिन हेच त्याचे जीवन. कुणाच्या सांगण्यावरून जडीबुटीच्या भरवशावर ते बंद केले, तर अवघ्या काही दिवसांत प्राणांवर बेतते.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनची पहिली सुई दिली गेली. तोपर्यंत अशी मुले अर्धपोटी ठेवली जात आणि झिजून जात. त्या काळी इन्सुलिन कत्तलखान्यातील गुरे व डुकरे यांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. अहिंसाव्रती कुटुंबांना ही गोष्ट बोचणे स्वाभाविक होते. १९८२ साली अमेरिकेत जिवाणूंच्या साहाय्याने बनविलेल्या मानवी इन्सुलिनला मान्यता मिळाली. आज बाजारात सर्रास मिळते ते जिवाणू वा यीस्ट यांपासून तयार केलेले. जुन्या माहितीवर विसंबून घरातील वडीलधाऱ्यांनी सुईला नाक मुरडू नये.

खरी कसोटी लागते ती शाळेत. घरी आईचे लक्ष असते. शाळेचे पाच-सहा तास मात्र बालक पन्नास विद्यार्थ्यांतील एक. विदर्भात उन्हाळ्यात सकाळची शाळा. पहाटे सुई, घाईघाईत अर्धा घास, आणि लगेच मैदानावर कवायत. इन्सुलिन पोटात गेलेल्या अन्नाची वाट पाहत नाही, साखर उतरू लागते. हात थरथरतात, घाम फुटतो, मूल चिडचिडे होते किंवा बाकावर डोके टेकते. शिक्षकांना वाटते आळस आहे, क्वचित उद्धटपणाही वाटतो. रक्तातील साखर ७० च्या खाली गेली असेल तर तीन चमचे साखर अथवा ग्लुकोजची पूड पाण्यात ढवळून तत्काळ द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे आणि मग डब्यातील खाकरा वा थेपला खाऊ घालावा. पुस्तकांतून मध सुचविलेला असतो. जैन घरात तो वर्ज्य, परंतु साखरेने काम तितकेच भागते. त्या अवस्थेत मुलाला एकटे घरी पाठवू नये. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नये, थेट दवाखाना गाठावा.

शिक्षकांना हे ठाऊक असावे, तर पालकांनी आधी सांगितले पाहिजे. येथेच घोडे अडते. विशेषतः मुलगी असेल, तर पुढे तिच्या सोयरिकीचे काय, या धास्तीने आजार झाकला जातो. मग ती शौचालयात लपून सुई टोचते किंवा दुपारची सुई चुकवते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये बोर्डाच्या परीक्षेत अशा विद्यार्थ्यांना साखरेच्या गोळ्या, फळ व अल्पोपाहार जवळ बाळगण्यास मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानेही २०२३ मध्ये राज्यांना लिहून कळविले की, या मुलांना वर्गात साखर तपासणे, इन्सुलिन घेणे व खाणे यांची परवानगी असावी. मात्र ज्या मुख्याध्यापकांना आजारच कळविलेला नाही, ते परवानगी देणार कशाची?

आता पर्युषणाविषयी. बरोबरीची मुले उपवास, अठ्ठाई करतात, त्यांची अनुमोदना होते, आणि हे बालक कोपऱ्यात उभे राहते. डॉक्टरांच्या सल्ल्याविना त्याने उपवास करणे धोक्याचे आहे. चौविहाराचे पच्चक्खाण असताना रात्री साखर उतरली, तर काय करावे? पच्चक्खाणातच आगार सांगितलेले आहेत, आणि सर्वसमाधिप्रत्यय हा आगार अशा पीडेसाठीच आहे. शंका असल्यास गुरुमहाराजांना विचारावे, पण मुलाला ग्लुकोज देण्यास क्षणाचाही विलंब नको. तपाचे प्रकार बारा आहेत, अनशन हा त्यातील एक. स्वाध्याय आहे, विनय आहे. वर्गमित्राच्या दप्तरात ग्लुकोज आहे की नाही, हे पाहणारा मुलगा वैयावृत्त्यच करीत असतो.

चंद्रपूरच्या उन्हाचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि इन्सुलिन उष्णतेने निकामी होते. नव्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवाव्या, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही नव्हे. जेथे फ्रिज नाही वा वीज टिकत नाही, तेथे बाटली कोरड्या डबीत घालून पाणी शिंपडलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. आजीच्या पाणवठ्यावरील ही युक्ती आजही उपयोगी पडते. बंद मोटारीत वा स्कूटरच्या डिक्कीत औषध मुळीच ठेवू नये.

नागपूर येथे डॉ. शरद पेंडसे यांनी स्थापन केलेल्या ड्रीम ट्रस्टने गरीब घरांतील अशा मुलांना विनामूल्य इन्सुलिन पुरविण्याचे कार्य केले आहे. गडचिरोलीच्या आश्रमशाळांत तर मूल महिनोन्‌महिने घरापासून दूर राहते. सुई देणारे हात अधीक्षकांचे अथवा अधीक्षिकेचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा मार्ग बंद होतो. तेव्हा इन्सुलिन, सुया आणि तपासणीच्या पट्ट्या यांचा दोन महिन्यांचा साठा जूनपूर्वीच तेथे पोहोचलेला असावा लागतो. ट्रस्टच्या वैद्यकीय निधीतून या वर्षी एखादा खर्च निवडायचा झाला, तर तो हाच असावा, अशी विश्वस्तांना विनंती.