तापीचा पूर, हजीऱ्याची भरती

मुलताईला उगम पावलेली आपली तापी भुसावळ, सुरत मागे टाकून हजीऱ्यापाशी समुद्राला मिळते. ऑगस्ट २००६ मध्ये तिच्यावरच्या उकाई धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा मोठा भाग बुडाला. ९ तारखेला नारळी पौर्णिमा होती, म्हणजे खाली समुद्रालाही उधाण!

अशा वेळी दरवाजे किती उचलायचे? कागदावर काही गोल काढू: खानदेशातला पाऊस, वरच्या हतनूर धरणाचा विसर्ग, उकाईची पातळी, हजीऱ्याची भरती, सुरतेतलं पाणी. कशामुळे काय घडतं ते बाणांनी जोडू. हेच ग्राफिकल मॉडेल. ज्युडिया पर्ल यांच्या १९८८च्या ग्रंथाने ते रुजवलं.

आता बाणांसाठी आकडे हवेत. भरतीची वेळ आणि उंची चंद्रसूर्याच्या गतीवरून आधीच काढता येते. पावसाचं तसं नाही. समजा, अतिवृष्टीची शक्यता नेमकी ६० टक्के म्हणण्याइतकी माहितीच नाही. मग ‘४० ते ७०’ म्हणणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. पीटर वॉली यांनी १९९१ साली अशा पट्ट्यांचं गणित सविस्तर मांडलं. उत्तरही मग पट्ट्यातच येतं आणि आपलं अज्ञान किती, ते त्याच्या रुंदीत दिसतं.

नदीकाठच्या वस्तीसाठी मी वरचाच आकडा धरीन. उन्हाळ्यातल्या सिंचनासाठी पाणी साठवणाऱ्याला मात्र खालचा आकडा छळतो. धरण दोघांचं एकच आहे.