गिटारीचा सैल जॅक



गायनमंडळाच्या कामाविषयीं चार शब्द सांगावे अशी आज्ञा झाली, तेव्हां आम्हीं अगदीं लहान विषय निवडला. इलेक्ट्रिक गिटारीला केबल जेथें जोडतात तो जॅक सैल झाला असतां काय करावें, हा तो विषय होय. विषय लहान खरा. परंतु भर उपासनेंत गिटार एकाएकीं मुकी होते, वाजविणारा तरुण सर्वांसमक्ष ओशाळतो, आणि दुसऱ्याच दिवशीं नव्या वाद्याच्या वर्गणीची गोष्ट निघते, तेव्हां हें लहानसें दुखणें फार महाग पडतें.

कोयनानगरकरांस विजेचें रहस्य निराळें सांगावयास नको. चुंबक व तांब्याची गुंडाळी यांच्या योगानें वीज कशी उपजते, हें फॅराडे यांनीं १८३१ सालीं दाखविलें. शिवसागराचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पोफळीच्या भूमिगत वीजगृहांत उतरतें, तेथेंही हाच नियम; आणि गिटारही ह्याच नियमानें बोलते. तिच्या पोलादी तारांखालीं चुंबकावर केसासारख्या तांब्याच्या तारेचे हजारों वेढे असतात. पोलादी तार थरथरली कीं त्या वेढ्यांत वीज उत्पन्न होते. कोयना प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट. गिटारीची वीज बहुधा एका व्होल्टाहूनही कमी. एवढी नाजूक वस्तु ॲम्प्लिफायरकडे जाते ती जॅकच्या दोन वायरींवरून.

पाव इंच जाडीची पिन घेणारा हा जॅक मूळ एकोणिसाव्या शतकांतील टेलिफोन एक्सचेंजांतला. पिनेचें टोंक आवाज नेतें. तिचा दांडा अर्थशीं जोडलेला असतो. पिन वारंवार घातल्या-काढल्यानें बाहेरचा नट ढिला होतो, मग पिनेबरोबर सगळा जॅकच फिरूं लागतो, आंतील वायरींस पीळ पडतो आणि एके दिवशीं डाग निखळतो. पुष्कळ लोक अशा वेळीं बाहेरूनच पकडीनें नट आवळतात. नट घट्ट होतो खरा, पण त्याच्यासवें जॅक फिरून उरलीसुरली वायरही तुटते. म्हणून नियम एकच: आधीं आंतला भाग धरावा, मग बाहेरचा नट आवळावा.

प्रथम दुसरी केबल लावून पाहावी. दोष केबलचाच असेल तर गिटार उघडूं नये. नंतर ॲम्प्लिफायर बंद करून पिन काढावी व जॅकच्या पट्टीचे स्क्रू सोडवावे. वायरींचा पीळ उलगडेल इतका जॅक उलट फिरवावा. जॅक व पट्टी यांच्यामध्यें आंतल्या बाजूस दातेरी वॉशर घालावा. त्याचे दांते जॅकला फिरूं देत नाहींत. मग जॅक बोटांनीं घट्ट धरून पान्यानें नट आवळावा. मात्र अतिजोर केल्यास आटे झिजतात. पिन तरीही सैल बसत असेल, तर तिच्या टोंकास टेकणारी पाती किंचित् आंत वांकवावी.

डाग निखळला असल्यास आवाजाची वायर पातीच्या कानास आणि अर्थची वायर मधल्या नळीच्या कानास जोडावी. अदलाबदल झाल्यास मोठी गुणगुण ऐकूं येते. उघडतांच कोणती वायर कोठें आहे याचें चित्र कागदावर काढून ठेवावें, विशेषतः जॅकला तीन कान असतील तेव्हां. डागाच्या कथलांत बहुधा शिसें असतें. काम संपतांच हात धुवावे व मुलांस धुरापासून दूर ठेवावें.

वाद्य टाकून न देतां तें सुधारणें आपल्या मुलखास नवें नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मिरजेच्या सतारींस व तंबोऱ्यांस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें; तेथील कारागीर नवीं वाद्यें घडवितात, तशीं जुनीं वाद्येंही पुन्हां बोलतीं करितात. गायनमंडळाच्या पेटींत एक पाना, एक स्क्रूड्रायव्हर व दोन दातेरी वॉशर असावे, आणि नट हातास हलूं लागला त्याच दिवशीं ते बाहेर काढावे, एवढीच आमची विनंति आहे.